चन्नम्मा आजारी पडत नाही

सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला गेल्या. त्यानंतर जे लेख वाचायला मिळाले त्या बहुतेक सगळ्यांत एक शब्द खिळा ठोकावा तसा ठोकलेला होता. संवेदनशील. संवेदनशील दिग्दर्शिका, संवेदनशील सिनेमा, संवेदनशील हाताळणी. मित्रांनो, आपल्याकडच्या पांढरपेशा समीक्षकाला एखाद्याशी भांडायचंही नसतं आणि त्याचं काम नीट बघायचंही नसतं, तेव्हा तो हा शब्द काढतो. हार घालायचा आणि फोटो भिंतीला लावायचा. संपलं.

मला या बाईंशी भांडायचंय. ज्यांच्याकडून आपलं काही येणं नाही त्यांच्याशी आपण भांडत नाही. सुमित्राबाईंकडून आपलं येणं आहे, कारण त्यांनी सुरुवात आपल्या घरातून केली. हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही म्हणून आधी ते सांगतो.

जन्म १२ जानेवारी १९४३, पुणे. समाजशास्त्र शिकलेल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या, काही काळ आकाशवाणीवर मराठी बातम्या देणाऱ्या. सिनेमाचं शिक्षण शून्य. पुण्याच्या 'स्त्रीवाणी' संस्थेच्या कामात त्या झोपडपट्टीतल्या बायांशी बोलू लागल्या. या बाया कोण? तर दलित बाया. नवरा दारू पितो, मारतो, पोरं आहेत, धुणीभांडी आहेत, पाण्याची रांग आहे. पण प्रश्न कसा विचारला ते बघा. तुमचे हाल सांगा, असं नाही विचारलं. तू स्वतःला कोण समजतेस, असं विचारलं. आणि त्या बोलल्या. आठ दलित बायांनी सांगितलेल्या जिण्याचं पुस्तक झालं, 'पॅन ऑन फायर'. १९८८ साली दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने काढलं. इंग्रजी केलं आपल्या गेल ऑम्व्हेट यांनी. नावाचा अर्थ चुलीवरचा तापलेला तवा.

आता गंमत अशी की ज्यांनी सांगितलं त्यांना वाचता येत नाही, आणि वाचता येतं त्यांनासुद्धा इंग्रजी येत नाही. संशोधन करणारे लोक इथं थांबतात. अहवाल कपाटात, बाई झोपडीत. सुमित्राबाई थांबल्या नाहीत. सांगितलेलं सांगणारीकडे परत गेलं पाहिजे, मग जिला वाचता येत नाही तिला निदान बघता येईल, या हिशेबानं त्यांनी सिनेमा करायचं ठरवलं. वयाची चाळिशी ओलांडलेली, कॅमेरा कसा धरतात ते माहीत नाही. १९८५ साली 'बाई' झाला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी 'पाणी'. मराठी सिनेमात माणसं पैशासाठी आली, नावासाठी आली, कलेच्या वेडापायी आली. दलित बायांचं त्यांचं त्यांना परत द्यायचं म्हणून कुणी आल्याचं मला दुसरं उदाहरण सापडत नाही.

'बाई'ला पुरस्कार कुठल्या खात्यात मिळाला ते मात्र बघण्यासारखं आहे. कुटुंबकल्याणावरचा उत्कृष्ट लघुपट. कुटुंबनियोजन हे नाव आणीबाणीतल्या नसबंदीनं इतकं बदनाम झालं, की १९७७ मध्ये सरकारनं ते बदलून कुटुंबकल्याण केलं. म्हणजे एक बाई स्वतःच्या पायावर उभं राहून मी कोण हे सांगते, आणि सरकारदरबारी तिच्यासाठी जो खण मोकळा निघतो त्याच्यावर कुटुंब असं लिहिलेलं. सरकारला बाईचं शरीर दिसलं तर ते कुटुंबाच्या आत दिसतं. दोन पोरांनंतर तिचा विषय बंद. यात सुमित्राबाईंचा दोष नाही. पण हा खण लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

पुढे सुनील सुकथनकर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून केलेली कामाची यादी लांबलचक आहे. तिच्यात एक गोष्ट सतत दिसते. आजार. 'झिंदगी झिंदाबाद', १९९७, एड्स. 'देवराई', २००४, स्किझोफ्रेनिया. 'नितळ', २००६, कोड. 'अस्तु', २०१३, विस्मरणाचा आजार. 'कासव', २०१६, नैराश्य. त्याला तर देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

या सिनेमांची एक मोठी गोष्ट मी आधी कबूल करतो, कारण मी देवरूखचा आहे. आमच्या संगमेश्वर तालुक्यात अजूनही बाईला झटका आला, ती बडबडू लागली, अन्न टाकलं की पहिली धाव भगताकडे. कुणाचं तरी लागलंय, कुणी तरी केलंय, वाडीच्या वेशीवर नारळ. बुद्धवाडीत हे होत नाही असं मी म्हणू शकलो असतो तर फार बरं झालं असतं. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि अंगारा उशाखाली आहे. अशा मुलखात 'देवराई' हा सिनेमा देवराईच्याच नावानं उभा राहतो आणि देवाला बाजूला ठेवून सांगतो, हा शेष देसाई आजारी आहे, याला डॉक्टर पाहिजे, गोळ्या पाहिजेत, आणि घरच्यांना धीर पाहिजे. अतुल कुलकर्णीनं तो शेष असा केलाय की बघताना आपण त्याला भीत नाही, त्याच्यासाठी भितो. 'नितळ'चंही तसंच. कोड म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, कोड म्हणजे लग्न मोडलं, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांना विचारा त्या सिनेमाची किंमत. अंगावरचा पांढरा डाग आणि जन्माबरोबर चिकटवलेला डाग, दोन्हीचा कारखाना एकच. पाप-पुण्याचा. त्या कारखान्याला या बाईंनी पंचवीस-तीस वर्षं टाळं लावायचा प्रयत्न केला. हे काम आपल्याच चळवळीचं आहे आणि आपण ते पुरेसं केलेलं नाही.

आता भांडण.

सुमित्राबाईंचे सिनेमे ओळीनं लावा आणि फक्त घरं बघा. माणसं नंतर बघू. 'बाई'त झोपडपट्टी. 'दोघी'त, १९९५, कर्जात बुडालेलं खेड्यातलं घर, जिथून थोरल्या बहिणीला मुंबईच्या बाजारात पाठवतात. 'वास्तुपुरुष'मध्ये, २००२, पडझडीला आलेला देशपांड्यांचा वाडा. 'देवराई'त कोकणातली जमीनदारी, आंबा, आगर. 'अस्तु'त पुण्यातला संस्कृतचा प्रकांड पंडित. 'कासव'मध्ये समुद्रकाठचं शांत घर आणि अमेरिकेतून परत आलेली बाई. घर मोठं मोठं होत गेलं. आणि घर जसं मोठं झालं तसं आजाराला नाव मिळत गेलं. झोपडीतल्या बाईच्या दुखण्याला नुसतं हाल म्हणतात. वाड्यातल्या, बंगल्यातल्या दुखण्याला लॅटिन-ग्रीक नाव असतं, त्याचा डॉक्टर असतो, त्याच्यावर चर्चासत्र असतं.

मग झोपडीतली बाई गेली कुठं? ती सिनेमातून गेली नाही. तिचं काम बदललं. ती पेशंट व्हायची राहिली आणि पेशंटची आई झाली.

'अस्तु' घेऊ, कारण तो त्यांचा मला सगळ्यात आवडलेला सिनेमा आहे आणि माझं सगळ्यात मोठं भांडणही त्याच्याशीच आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री, निवृत्त, विद्वान. मोहन आगाशे. आयुष्यभर जे पाठ केलं ते एकेक करून पुसलं चाललंय. थोरली मुलगी इरा त्यांना गाडीतून बाहेर घेऊन जाते, थोडा वेळ गाडीत बसवून कामाला उतरते, आणि रस्त्यानं एक हत्ती जातो. म्हातारा लहान पोरासारखा गाडीतून उतरतो आणि हत्तीच्या मागनं चालायला लागतो. चालतच राहतो. हत्तीवाला अंता त्याला हाकलायला बघतो. त्याची बायको चन्नम्मा हाकलत नाही. कानडी वळणाचं मराठी बोलणारी, पोटासाठी गावोगाव फिरणारी ही बाई ओळख ना पाळख अशा म्हाताऱ्याला जवळ घेते, खाऊ घालते, त्याचं बघते. आणि ज्याच्या तोंडी सगळी संस्कृत विद्या तो पंडित तिला म्हणतो, आई.

अमृता सुभाषनं चन्नम्मा केलीय. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच पाहिजे होता. संवादांचा पुरस्कार सुमित्राबाईंना, तोही बरोबर. एवढ्या सगळ्या शिकलेल्यांत म्हाताऱ्याला माणूस म्हणून धरणारी एकटी अडाणी बाई, हे दाखवायचा त्यांचा हेतू स्वच्छ आहे. पंडिताची जात गळून पडते, विद्या गळून पडते, उरतो भुकेला जीव. एखाद्या भिक्खूनं सांगावी अशी गोष्ट.

एप्रिलात जयंतीला गावी गेलो होतो. विहाराच्या भिंतीवर आम्ही पोरांनी 'अस्तु' लावला. पंधरा-वीस बाया होत्या, दिवसभराच्या कामानं पेंगुळलेल्या, पण हत्ती आल्यावर जाग्या झाल्या. सिनेमा संपल्यावर कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. माझी चुलती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि मला म्हणाली, "त्या बायला कदी काय व्हत नाय काय रं?"

मित्रांनो, मी मराठीतली पुष्कळ समीक्षा वाचलीय, ग्रंथालयात बसून, पाळी सुटल्यावर, डोळे मिटत असताना. 'अस्तु'वर याच्यापेक्षा खरं वाक्य माझ्या वाचनात नाही. बघा ना. त्या सिनेमात सगळ्यांना काहीतरी होतं. म्हाताऱ्याला विस्मरण आहे. इराला अपराधीपणा आहे. धाकट्या मुलीला तिचं आहे. हत्तीणीचं खाणं-पिणं बघितलं जातं. चन्नम्माला काही होत नाही. उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या, उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या, उघड्यावरच आडोसा शोधणाऱ्या बाईची कंबर दुखत नाही. तिचं रक्त कमी नाही. तिला पाळी येत नाही. तिच्याकडे फक्त माया आहे, अमर्याद, फुकट, कधीही न संपणारी.

सुमित्राबाईंना बाईवरचं ओझं कळत नव्हतं असं म्हणणारा खोटारडा. 'देवराई'त शेषचं सगळं करते ती त्याची बहीण सीना, तीही आपला संसार सांभाळून. 'अस्तु'त बापासाठी जीव तोडते ती इरा. आजारी पुरुषाच्या मागं एक दमलेली बाई उभी असते हे त्यांनी जेवढ्या बारकाईनं दाखवलं तेवढं मराठीत फार थोड्यांनी दाखवलं. सीना दमते, इरा दमते, इरा चिडते, रडते. पण इरा दमल्यावर ओझं जिना उतरून खाली येतं. खाली चन्नम्मा आहे. आणि तिथं पोचल्यावर ओझ्याचं वजनच नाहीसं होतं, त्याला वात्सल्य म्हणायला लागतात. वरच्या मजल्यावर जे काम होतं ते खालच्या मजल्यावर स्वभाव होतो. माझं भांडण एवढंच आहे, पण ते एवढंच नाही.

'वास्तुपुरुष'मधली आई आपल्या पोराला डॉक्टर हो म्हणते, पूर्वजांनी गावातल्या गोरगरिबांवर केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून त्यांची सेवा कर म्हणते. उत्तरा बावकरांनी ती आई अशी केलीय की तिच्या पाया पडावंसं वाटतं. पण भरपाई करणाऱ्याचा सिनेमा होतो. ज्याची भरपाई व्हायची तो रांगेत उभा असतो, औषधाची बाटली घेऊन. त्याच्या घरात कुणी डॉक्टर व्हायचं मनात आणलं का, ते सांगायला दुसरा सिनेमा पाहिजे. सेवा आम्हाला नको असं नाही. आमच्याच देवरूखात १९५४ साली इंदिराबाई हळब्यांनी, सगळ्या तालुक्याच्या मावशींनी, दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं आणि त्यातून मातृमंदिर उभं राहिलं. त्या दोन खाटांनी किती बायांचे जीव वाचले असतील हे डोंगरातल्या वाड्यांना विचारा. डोलीतनं बाळंतीण खाली आणायची तर खाली कुणीतरी असावं लागतं. मावशी खाली होत्या. त्यांचं कर्ज आहे. पण कर्ज आहे म्हणून तोंड शिवून घ्यायचं नसतं.

आता आपल्या पोरांना वाटेल, सिनेमाच्या परीक्षणात बाळंतीण, रक्त, पाळी हे काय काढलंय. हे साहित्यबाह्य आहे. तर आपलं साहित्य सुरू कुठून झालं ते आठवा. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग पोर, मुक्ता साळवे, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. त्यात ती पेशव्यांना जाब विचारते, धर्माला जाब विचारते, हे आपण भाषणात सांगतो. पण त्यातच ती हेही विचारते, की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसतं, आणि बाळंतपणात रोग झाला तर वैद्याला न्‌ औषधाला पैसे आणायचे कुठून? हे आपण भाषणात सांगत नाही. दलित लेखणीनं कागदावर टाकलेल्या पहिल्या काही प्रश्नांत बाळंतिणीच्या औषधाचा प्रश्न आहे. १९८६ साली बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' आलं. त्यात महारवाड्यातलं बाळंतपण आहे, पोटात अन्न नसलेली बाळंतीण आहे, अशा बाळंतपणात मेलेल्या बाया आहेत. हा झाला आपल्या बायांनी लिहिलेला धागा.

आणि आपले बाप्ये काय लिहितात? आई. आईवर कविता. आई राबली, आई उपाशी राहिली, आईनं पदराखाली घेतलं, आईच्या पायाला भेगा. भेगांवर इतकी प्रतिमासृष्टी उभी राहिलीय की एखादा मलमाचा डबा कुणी आणला असता तर निम्मी कविता वाचली असती. सांगायचं असं की चन्नम्मा एकट्या सुमित्राबाईंनी घडवली नाही. सदाशिव पेठेतनं बघा की बुद्धवाडीतनं बघा, कष्टकरी बाईला आपण आई करून टाकतो, आणि आई एकदा केली की तिला डॉक्टरकडे न्यायची जबाबदारी संपते. देवाला कुठं ताप येतो?

बाबासाहेबांनी हे असं बघितलं नाही. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते उठून बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं ही देशाच्या हिताची गोष्ट आहे, तिचा खर्च सरकारनं उचलावा, पण तिच्या मेहनतीवर मालक नफा कमावतो तर मालकानंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. वायंडिंग खात्यात न्‌ रिळिंग खात्यात उभ्या असलेल्या बायांसाठी. मग १० नोव्हेंबर १९३८ ला संततिनियमनाचा ठराव, बाबासाहेबांच्या वतीनं रोहम यांनी विधानसभेत मांडला. पडला तो. पण मुद्दा बघा. बाईचं शरीर हा मजुरीचा, हक्काचा, कायद्याचा प्रश्न आहे, भजनाचा नाही, हे नव्वद-पंच्याण्णव वर्षांमागं आपल्याकडे ठरून गेलंय.

मी सूतगिरणीत कामाला आहे, घाट उतरून गेलं की. रिंग खात्यात धागा तुटू नये म्हणून हवेत ओल ठेवतात, कापसाची धूळ नाकात, आणि साच्यांमधनं आठ तास चालायचं. बाया आमच्यापेक्षा जास्त चालतात, त्यांचे हात धागा जोडायला चपळ म्हणून त्यांना जास्त साचे. गिरणीत शिफ्टला पाळी म्हणतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, सगळ्या हजेरीपटावर. बाईची जी पाळी ती हजेरीपटावर नाही. संडास दूर, जायला विचारावं लागतं, म्हणून बाया पाणी पीत नाहीत. उकाड्यात, धुळीत, आठ तास, पाणी न पिता. मग लघवीची जळजळ, मग कंबर, मग सुपरवायझर म्हणतो ह्यांची नाटकं. ही गोष्ट सांगायला चंद्रावर जावं लागत नाही, कॅमेरा गेटातनं आत आला पाहिजे.

किंवा बीडला जावं. २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला म्हणून. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. शंभरातल्या सतरा जणींची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं दोन, हिशेबात औजार एक. मुकादमाकडून उचल घेतलेली. खाडा झाला की दंड. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडा. फडात पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरनं पांढरं जाणं ठरलेलं. खाजगी दवाखान्यात गेलं की कॅन्सर होईल अशी भीती घालायची आणि पिशवी काढून टाकायची. तिशीच्या आत. बीजकोषही गेले की तिशीतच म्हातारपण, हाडं ठिसूळ, सांधे धरलेले, आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा मोळी डोक्यावर.

आमच्या चुलतीचीही अशीच काढली, कोकणात, ऊसबीस नसताना. अंगावर जास्त जात होतं. एका डॉक्टरनं सांगितलं, आता पोरं झालीत ना, मग ती ठेवून काय करायचंय. कुटुंबाचं कल्याण झालं होतं, खण बंद. तिला दुसरा इलाज विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं, आणि बरोबर गेलेल्या बाप्यांना विचारायची लाज वाटली. गुडघ्यावर हात देऊन उठते ती तेव्हापासून. तिनं तो प्रश्न का विचारला ते आता कळलं असेल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली २०१९ ते २१ मध्ये. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी. 'अस्तु'तली चन्नम्मा ही त्या वयाची, त्या वर्गाची बाई. तिचं हिमोग्लोबिन बारा असेल असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही. आणि एकदा हे डोक्यात आलं की सिनेमा वेगळाच दिसायला लागतो. ती म्हाताऱ्याला घास भरवते आणि आपलं लक्ष म्हाताऱ्याच्या तोंडाकडे जात नाही, तिच्या हाताकडे जातं. नखं पांढरी आहेत का बघावंसं वाटतं.

'कासव'चं थोडक्यात. इरावती हर्षेची जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली, म्हणून मरायला निघालेल्या मानवला ती उपदेश करत नाही, नुसती जागा देते. हे फार मोठं आहे, आत्महत्येच्या बातम्या रोज वाचणाऱ्या पोरांनी जरूर बघावा. तिथंही घर चालवणारे, गाडी चालवणारे, रांधणारे हात वेगळे आहेत. किशोर कदमचा यदू हे एक जिवंत माणूस आहे, त्याला त्याचा ताठा आहे, हे मान्य. कासवाची अंडी माणसांनी राखायची, पिल्लं समुद्रात सोडायची, हे सिनेमातलं काम आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर खरोखर झालंय. त्याच मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. कासवाच्या घरट्याभोवती कुंपण घालणारा समाज एक दिवस वाडीतल्या गरोदर बाईभोवतीही घालील अशी आशा धरायला हरकत नाही, पण वाट बघत बसायला आहे.

कुणी म्हणेल, सुमित्राबाईंनी चन्नम्माचं दुखणं का दाखवावं, ते तुम्ही दाखवा. बरोबर आहे. आज कॅमेरा खिशात आहे. नागराज मंजुळेच्या 'फँड्री'पासून, २०१३ पासून, आपली पोरं सिनेमात घुसलीत, दगड मारून घुसलीत. पण पोरंच घुसलीत, आणि त्यांच्या सिनेमात बाई एक तर आई आहे नाही तर जिच्या मागं जायचं ती पोरगी आहे. पिशवी काढलेली बाई नाही. पाणी न पिणारी सायडर नाही. तो सिनेमा आपल्यातली एखादी बाई करील, आणि तिला सुमित्राबाईंच्या दोन गोष्टी लागतील. पहिली, चाळिशीनंतर काहीही न शिकता कॅमेरा उचलायचं धाडस. दुसरी, जिचं सांगणं तिच्याकडे परत न्यायची खोड. ही दुसरी गोष्ट त्यांच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठी आहे आणि त्यांच्यावरच्या लेखांत ती दोन ओळींत उरकतात, नंतरच्या सिनेमांवर पानं भरतात. मी उलटं करीन. मराठी सिनेमाच्या इतिहासात 'बाई' हा पहिल्या पानावर पाहिजे आणि सुवर्णकमळ शेवटच्या पानावर चाललं तरी चालेल.

तर पोरांनो, ज्यांच्या ओळखी पुण्यात आहेत त्यांनी 'बाई' आणि 'पाणी' बघायला मिळण्याची सोय करावी. 'पॅन ऑन फायर'मधल्या आठ बायांचं सांगणं आपल्या पानांतून क्रमानं मराठीत आणायचं ठरलं तर हाताने लिहून काढायला मी तयार आहे, तिसरी पाळी असेल त्या आठवड्यात दिवसा वेळ असतो. देवरूखला पुढचा खेळ पावसाआधी लावायचा विचार आहे. त्या दिवशी रक्त तपासणाऱ्या नर्सबाईंना बोलवू. आधी बोट टोचून घ्यायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, मग सिनेमा. बाया पुढं बसतील. बाप्यांनी चहाचं बघावं.